दहा लाख तासांचा भरवसा : इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आयुष्याचे भाकीत कसे करतात?



संगणकाची हार्ड डिस्क विकत घेताना कंपनीचे माहितीपत्रक कधी वाचले आहे का? त्यात कुठेतरी खाली बारीक अक्षरांत 'एमटीबीएफ १०,००,००० तास' असे लिहिलेले असते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे दहा लाख तासांची झाली ११४ वर्षे! आणि त्याच पत्रकात वॉरंटी मात्र तीन वर्षांची, फार तर पाच. ज्या वस्तूबद्दल कंपनीला ११४ वर्षांची खात्री आहे, तिची जबाबदारी घ्यायला ती पाच वर्षांच्या पुढे का तयार नाही? यातला खोटा आकडा कोणता?

गंमत अशी की दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आपल्यापैकी बऱ्याच घरांतले मुलांचे फोटो, मुंजीची-लग्नाची चित्रफीत, आजी-आजोबांचे आवाज हे सगळे आता अशाच एखाद्या डिस्कवर असते. तेव्हा हा आकडा कुठून येतो आणि त्यावर किती विसंबायचे, हे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

एमटीबीएफ म्हणजे काय आणि काय नव्हे

'मीन टाइम बिट्वीन फेल्युअर्स', म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. जी वस्तू दुरुस्त होत नाही, तिच्यासाठी खरे तर 'मीन टाइम टु फेल्युअर' म्हणजे एमटीटीएफ म्हणायला हवे. बाजारात दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, आपणही इथे फार काटेकोर राहायला नको.

हा आकडा मिळवायला ११४ वर्षे कोणी डिस्कपाशी बसलेले नसते. समजा १,००० डिस्क एकदम चालू केल्या, १,००० तास चालवल्या आणि तेवढ्यात एक बिघडली. एकूण तास झाले दहा लाख, बिघाड एक. म्हणून एमटीबीएफ दहा लाख तास. आता १,००० तास म्हणजे जेमतेम ४२ दिवस. म्हणजे कोणतीही एक डिस्क दोन महिनेसुद्धा चाललेली पाहिलेली नाही, तरी आकडा निघाला शतकाचा!

माणसांचे उदाहरण घेतले तर हे चटकन पटते. समजा पंचविशीतल्या हजार तरुणांपैकी वर्षभरात एक दगावतो. त्या वयाच्या माणसांचा 'एमटीबीएफ' मग हजार वर्षे झाला. पण म्हणून कोणी हजार वर्षे जगत नाही. साठी-सत्तरीनंतर शरीराची झीज सुरू होते आणि तो जुना दर लागू राहत नाही. एमटीबीएफ हा एका वस्तूच्या आयुष्याचा आकडा नसून पुष्कळ वस्तूंच्या घोळक्यात, त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात, बिघाड किती वारंवार होतात याचा दर आहे.

तेव्हा हा आकडा दिसला की लगेच उलटा करून घ्यावा. ८,७६० ला दहा लाखांनी भागले की ०.८८ टक्के येतात. म्हणजे अशा हजार डिस्क असल्या तर वर्षाला आठ-नऊ बंद पडतील, आणि हाच दर टिकला तर आपल्या घरची एकुलती एक डिस्क पाच वर्षांत दगा देण्याचा संभव चार टक्क्यांच्या किंचित वर. '११४ वर्षे' ऐकल्यावर जे वाटते त्यापेक्षा हे कितीतरी वेगळे वाटते, नाही का?

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडाचा आलेख काढला तर तो न्हाणीघरातल्या टबच्या बाजूसारखा दिसतो, म्हणून त्याला 'बाथटब कर्व्ह' म्हणतात. सुरुवातीला कारखान्यातल्या चुकांमुळे बिघाड जास्त, मग बरीच वर्षे सपाट तळ, आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. एमटीबीएफ बोलतो तो फक्त मधल्या सपाट तळाबद्दल. जाता जाता : दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतो ती 'एक्स्टेंडेड वॉरंटी' बहुतेक वेळा याच सपाट तळाच्या वर्षांसाठी असते. पहिल्या वर्षाचे बिघाड कंपनीच्या वॉरंटीत जातात आणि म्हातारपणचे बिघाड दोन्हींच्या पलीकडे. ती घ्यायची की नाही ते आपण ठरवावे. मी घेत नाही.

व्हॉल्व्हचा काळ

हे शास्त्र जन्मले ते व्हॉल्व्हच्या त्रासातून. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल : चालू केला की आधी लाल उजेड, मग मिनिटभराने आवाज. दुसऱ्या महायुद्धात विमाने, रडार, जहाजे यांत असे व्हॉल्व्ह हजारोंनी बसले आणि ते सारखे जाऊ लागले.

१९४६ साली लोकांसमोर आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. त्याचे रचनाकार प्रेस्पर एकर्ट यांनी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक, प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या कुवतीपेक्षा बऱ्याच कमी ताणावर चालवला. दुसरी, यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले, कारण व्हॉल्व्ह तापताना आणि निवताना जास्त जात. एवढे करूनही बिघाडाशिवाय सलग चालण्याचा त्याचा विक्रम ११६ तासांचा, तोही १९५४ सालचा. पाच दिवससुद्धा पूर्ण नाहीत!

१९५२ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या विश्वसनीयतेवर एक सल्लागार गट नेमला. 'अ‍ॅग्री' या नावाने तो ओळखला जातो. त्याचा १९५७ चा अहवाल म्हणजे या विषयाचा पाया मानतात. 'यंत्र चांगले चालले पाहिजे' एवढे म्हणून भागणार नाही. किती तास, कोणत्या परिस्थितीत, किती टक्के खात्रीने, हे आकड्यांत मागा आणि चाचणीने तपासा, असा त्याचा रोख होता.

तोरणातले दिवे

गणपतीच्या आराशीसाठी पूर्वी बारीक दिव्यांची माळ मिळे. एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात, आणि मग घरातले कोणीतरी एकेक दिवा हलवत बसलेले! या माळेत विश्वसनीयतेचा मुख्य नियम दडलेला आहे.

समजा माळेत १०० दिवे आहेत आणि प्रत्येक दिवा दहा दिवस टिकण्याचा संभव ९९ टक्के आहे. ९९ टक्के म्हणजे उत्तम माल, असे कोणीही म्हणेल. पण सगळेच्या सगळे टिकायचे तर ०.९९ ला स्वतःशी शंभर वेळा गुणावे लागते. उत्तर येते ०.३७. म्हणजे तीनांतल्या जवळजवळ दोन माळा अनंत चतुर्दशीपर्यंत पोचणार नाहीत. माळ ९५ टक्के खात्रीची हवी असेल तर एकेक दिवा इतका चांगला हवा की दोन हजारांत एखादाच जावा.

जर्मनीत व्ही-वन या उडत्या बाँबवर काम केलेले आणि पुढे अमेरिकेच्या क्षेपणास्त्र प्रकल्पांत आलेले रॉबर्ट लुसर यांनी हा गुणाकाराचा नियम सतत मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याआधीची समजूत अशी होती की साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी मजबूत असते. ती एक कडी सुधारली की झाले. लुसर यांचे म्हणणे, कड्या सगळ्याच चांगल्या असल्या तरी त्यांची संख्याच तुम्हाला बुडवते.

सुट्या भागांची बेरीज

आता भाकीत प्रत्यक्ष कसे मांडतात ते पाहू. ज्या उपकरणाचा एकही नग अजून तयार झालेला नाही, त्याचा बिघाड-दर कागदावर कसा काढणार? उत्तर सोपे आहे : त्यात लागणाऱ्या सुट्या भागांची यादी घ्यायची, प्रत्येकाचा दर पुस्तकातून काढायचा आणि बेरीज करायची.

हे एकक लहान असते. शंभर कोटी तासांत एक बिघाड म्हणजे एक 'फिट'. लॅपटॉपच्या एका चार्जरचे उदाहरण घेऊ. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, कोणत्या कंपनीचे नव्हेत.) साठ रेझिस्टर आणि छोटे कपॅसिटर प्रत्येकी १ फिट धरून ६०. पाच डायोड प्रत्येकी १० म्हणजे ५०. दोन मोठे ट्रान्झिस्टर प्रत्येकी ४० म्हणजे ८०. एक आयसी ३०. तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर प्रत्येकी ६० म्हणजे १८०. सोल्डरिंगचे दोनशे सांधे प्रत्येकी अर्धा फिट म्हणजे १००. एकूण ५०० फिट. शंभर कोटींना ५०० ने भागले की वीस लाख तास, म्हणजे २२८ वर्षे. हाच तो माहितीपत्रकातला आकडा! व्यवहारात त्याचा अर्थ : असे हजार चार्जर विकले तर वर्षाला चार-पाच परत येतील.

यातले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे अमेरिकन सैन्याचे 'मिल-हँडबुक-२१७'. पहिली आवृत्ती १९६२ ची. १९९१ साली त्याची 'एफ' आवृत्ती आली आणि १९९५ साली तिच्यात शेवटची दुरुस्ती झाली. टेलिफोन कंपन्यांसाठी बेलकोरने (पुढे तिचे नाव टेलकॉर्डिया झाले) आपले वेगळे कोष्टक काढले, सीमेन्सचे 'एसएन २९५००' आहे, आणि फ्रान्समधल्या विमान व संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांनी २००४ साली 'फिडेस' नावाची पद्धत आणली. सगळ्यांची धाटणी साधारण तीच. भागाचा मूळ दर घ्यायचा आणि त्याला गुणकांनी गुणायचे : तापमानाचा गुणक, विजेच्या ताणाचा, मालाच्या प्रतीचा आणि परिसराचा.

परिसराचे गुणक वाचायला मोठे मजेदार आहेत. २१७ च्या एफ आवृत्तीत आयसीसाठी वातानुकूलित खोलीचा गुणक ०.५, इमारतीत पण साध्या जागी २, ट्रक किंवा जीपवर ४, आणि तोफेतून उडवल्या जाणाऱ्या गोळ्यात २२०! अंतराळात भ्रमण करणाऱ्या उपग्रहासाठी मात्र पुन्हा ०.५. म्हणजे अंतराळ हे थंड खोलीइतके सुखाचे आणि आपला ट्रक त्याच्या आठपट वाईट. कारण साधे आहे : एकदा कक्षेत पोचल्यावर धक्के नाहीत, धूळ नाही, दमटपणा नाही. (उड्डाणाचा हिसका वेगळा मोजतात.)

उष्णता : दहा अंशांचा नियम

सर्व गुणकांत घरच्या माणसाला उपयोगी असा एकच, तो म्हणजे तापमानाचा. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचे समीकरण मांडले. वस्तूचे जुने होणे हीसुद्धा बऱ्याच अंशी रासायनिक क्रियाच असल्याने तेच समीकरण इथे उचलले गेले. कारखान्यात चिप १२५ अंश सेल्सिअसला १,००० तास भाजून काढतात. नेहमी धरतात ती ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ही ऊर्जा धरली, तर ते ५५ अंशांवरच्या सुमारे ७८,००० तासांच्या बरोबरीचे ठरते. दीड महिन्याच्या चाचणीत जवळजवळ नऊ वर्षे अशी दामटून बसवलेली असतात.

याचे सोपे रूप इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला लागू पडते. चार्जर, टीव्ही, राउटर यांच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या डब्या दिसतात, त्या ह्याच. आत द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षे रबरी बुचातून हळूहळू उडून जातो. नियम असा : तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट. डबीवर '१०५ अंश' छापलेले असेल आणि कंपनी त्या तापमानाला २,००० तास सांगत असेल, तर ६५ अंशांवर सोळापट म्हणजे ३२,००० तास. अहोरात्र चालवले तर साडेतीन वर्षांच्या थोडे पुढे. ५५ अंशांवर ६४,००० तास, म्हणजे सात वर्षांच्या वर.

आता मघाचा चार्जर आठवा. त्याचा एमटीबीएफ २२८ वर्षे, आणि त्याच्याच पोटातली डबी चार ते सात वर्षांत सुकणार. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत! पहिले सांगते, ऐन उमेदीत अचानक किती चार्जर जातील. दुसरे सांगते, म्हातारपण केव्हा येईल. माहितीपत्रकात पहिलेच छापतात. दुसरे विचारावे लागते, 'डिझाइन लाइफ' किंवा 'सर्व्हिस लाइफ' अशा नावाने.

इथला राउटर किंवा टीव्हीचा डबा आई-बाबांसाठी भारतात नेणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. इथे घरात वर्षभर २०-२२ अंश. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या खोलीत ४० अंश सहज असतात. वीस अंशांचा फरक म्हणजे त्या दिवसांपुरती डबी चौपट वेगाने सुकते. पावसाळा-हिवाळा धरून सरासरी तितकी वाईट नसते. पण तोच डबा काचेच्या बंद शोकेसमध्ये, वर विणलेला रुमाल घालून ठेवला, तर आत आणखी दहा-पंधरा अंश चढतात. रुमाल काढला आणि मागे चार बोटे जागा सोडली, तर फुकटात आयुष्य वाढते. अनेक जण स्टॅबिलायझरवर पैसे खर्च करतात पण रुमाल काढत नाहीत!

भारतातल्या अभियंत्यांनी या प्रश्नाला दिलेले एक सुंदर उत्तर म्हणजे सी-डॉटचे ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे, आणि खेड्यात ती कुठून आणणार? तेव्हा एअर कंडिशनिंगशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असेच यंत्र रचायचे ठरले. १९८४ साली सी-डॉट स्थापन झाली आणि १२८ लाइनींचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकात कित्तूर इथे सुरू झाले. गावाकडच्या ज्या घरांत नव्वदच्या दशकात पहिल्यांदा फोन खणखणला, त्यांतल्या कित्येकांमागे हेच यंत्र होते.

पुस्तकाचे आणि वास्तवाचे जमत नाही तेव्हा

२००७ साली एकाच परिषदेत दोन अभ्यास सादर झाले आणि हार्ड डिस्कच्या धंद्यात खळबळ उडाली. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकाप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागत होत्या, आणि काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत. शिवाय सपाट तळ वगैरे फारसा दिसलाच नाही. दर पहिल्या काही वर्षांतच चढू लागला होता.

दुसरा अभ्यास गूगलचा, एक लाखाहून अधिक डिस्कचा. त्यात तापमानाचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच कमी आढळला. म्हणजे दहा अंशांचा नियम कपॅसिटरला लागू, म्हणून सगळ्यालाच लागू असे नाही. त्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. डिस्क स्वतःची तब्येत तपासून 'स्मार्ट' नावाच्या नोंदी ठेवते. बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये त्यातल्या चार ठळक लक्षणांपैकी एकही आधी दिसले नव्हते. लक्षण दिसले तर धोका मोठा खरा. पण दिसले नाही म्हणजे ठीक आहे, असे मुळीच नाही.

पुस्तके चुकतात त्याचे एक कारण असे की बिघाड नेहमी सुट्या भागाचा नसतो. २००७ साली मायक्रोसॉफ्टला एक्सबॉक्स ३६० च्या दुरुस्तीसाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली आणि वॉरंटी तीन वर्षे करावी लागली. ज्यांची मुले तेव्हा शाळेत होती त्यांना ते लाल दिव्यांचे कडे आठवत असेल! पुढे कंपनीनेच सांगितले त्याप्रमाणे, चिपच्या आतले सोल्डरचे सांधे वारंवार तापण्या-निवण्याने तडकत होते. खेळून झाले की बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. एनिॲक बंद न करण्यामागे जे कारण होते तेच इथे साठ वर्षांनी पुन्हा उभे राहिले.

दुसरे कारण म्हणजे मालाची खोट. १९९९ ते २००७ च्या सुमारास अनेक संगणकांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटू लागले, कारण काही उत्पादकांच्या डब्यांतला द्रवच सदोष होता. एकट्या डेल कंपनीने २००५ साली त्यापायी ३० कोटी डॉलरचा खर्च दाखवला. पुस्तकात त्या भागाचा दर अगदी व्यवस्थित छापलेला होता. अमुक वर्षी अमुक बॅचमध्ये द्रव चुकीचा असेल, हे कोणते कोष्टक सांगणार?

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने संरक्षण खात्यासाठी केलेल्या २०१५ च्या अहवालात मिल-हँडबुक-२१७ वर कडक टीका केली आणि त्याचा वापर सोडावा असे सुचवले. मला हे थोडे एकांगी वाटते. 'हे उपकरण इतके तास चालेल' असे ठरवायला ते पुस्तक निकामी आहे, मान्य. पण दोन रचनांपैकी कोणती बरी, कोणत्या भागावर ताण जास्त आहे, बेरजेत १८० फिट एकट्या तीन डब्यांचे आहेत तर त्या बदलाव्यात का, हे ठरवायला बेरीज मांडावीच लागते.

आपल्या इस्रोची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. चांद्रयान-१ ऑक्टोबर २००८ मध्ये दोन वर्षांच्या हिशेबाने निघाले. चंद्रापासून १०० किलोमीटरवर अपेक्षेपेक्षा जास्त उष्णता सोसावी लागली, तारे पाहून दिशा ओळखणारी उपकरणे निकामी झाली, आणि ऑगस्ट २००९ मध्ये ३१२ दिवसांनी संपर्क तुटला. (त्याआधी चंद्रावरील पाण्याच्या खुणा नोंदवून ते आपले मुख्य काम करून गेले होते.) मंगळयान सहा महिन्यांसाठी होते. सप्टेंबर २०१४ मध्ये ते मंगळापाशी पोचले आणि २०२२ पर्यंत टिकले. संपर्क तुटला तेव्हाही कारण कोणता सुटा भाग नव्हता. इंधन संपत आले होते आणि दीर्घ ग्रहणात सौरपट्ट्यांना ऊन मिळाले नाही. सहा महिने हे भाकीत नव्हतेच, ते किमान वचन होते. चांद्रयानाची दोन वर्षेही तशीच. वचन आणि भाकीत यांत गल्लत केली की एकाला अपयश आणि दुसऱ्याला चमत्कार म्हणावेसे वाटते.

मग घरात काय करायचे?

फोटोंपासून सुरुवात करू. एका डिस्कचा पाच वर्षांतला धोका समजा १० टक्के धरला. दोन डिस्कवर प्रती ठेवल्या तर दोन्ही जाण्याचा धोका १ टक्का, तीनवर ठेवल्या तर हजारात एक. वर पाहिलेला गुणाकाराचा नियमच, पण आता तो आपल्या बाजूने! मात्र एक अट आहे : तिन्ही स्वतंत्रपणे बिघडल्या पाहिजेत. एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच कपाटात ठेवलेल्या, एकाच सॉकेटवर चालणाऱ्या दोन डिस्क स्वतंत्र नसतात. वीज कडाडली किंवा तळघरात पाणी शिरले की दोन्ही बरोबरच जातात. म्हणून एक प्रत घराबाहेर हवी. भारतातल्या भावाकडे एक, इथे एक आणि इंटरनेटवर एक, ही माझ्या पाहण्यातली सर्वांत चांगली मांडणी आहे. वर्षातून एकदा प्रत उघडून फोटो खरेच दिसतात का ते पाहावे.

एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून विसरू नका. त्यात फिरणारे काही नाही म्हणून ते अमर आहेत असा समज आहे. पण त्यातली माहिती अडकवून ठेवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो झिरपतो. घरगुती एसएसडीच्या मानकात, लिहिण्याची मर्यादा पुरती वापरून झाल्यावर, वीज न देता ३० अंशांवर माहिती टिकण्याची अपेक्षा फक्त एक वर्षाची आहे. नवी असताना ती पुष्कळ जास्त टिकते, तरी एकमेव प्रत म्हणून तिच्यावर विसंबू नये.

दुसरी वस्तू छतावरची : धुराची सूचना देणारा स्मोक अलार्म. टीव्ही बिघडला तर त्याच क्षणी कळते. स्मोक अलार्म बिघडला तर काहीच कळत नाही. तो गप्प असणे हेच त्याचे नेहमीचे वागणे! अशा 'लपलेल्या' बिघाडावर एमटीबीएफचा काही इलाज नाही. इलाज दोनच, ठराविक काळाने तपासणे आणि वयाप्रमाणे बदलणे. अमेरिकेतल्या 'एनएफपीए ७२' या मानकानुसार घरातला स्मोक अलार्म उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांनी बदलायचा असतो, बटण दाबल्यावर तो वाजत असला तरीही. बटणाने भोंगा आणि विजेची जोडणी तपासली जाते, धूर ओळखणारा भाग किती मंदावला आहे ते त्यातून खात्रीने कळत नाही. तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. घर जुने घेतले असेल तर आज स्टुलावर चढून ती पाहाच.

आणि तिसरी, भारतात एकटे राहणाऱ्या आई-वडिलांकडची यंत्रे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर सर्वांत भारी कंपनीचा घेऊन निर्धास्त होण्यापेक्षा, साधा पण जवळ दुरुस्ती होणारा घ्यावा आणि सोबत भरलेला सिलिंडर ठेवावा. कॉन्सन्ट्रेटर कितीही भरवशाचा असला तरी तो, इन्व्हर्टर, बॅटरी आणि महावितरणची वीज ही एकच माळ आहे, एक दिवा गेला की सगळे बंद. सिलिंडर त्या माळेच्या बाहेर असतो. तो किती तास पुरेल हे डॉक्टरांना विचारून त्याच्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवावे, शेजाऱ्यांनाही वाचता येईल असे. इन्व्हर्टरची बॅटरी शिशाची असेल तर तिला उन्हाळा कपॅसिटरइतकाच बाधतो. तिच्यावर घेतल्याची तारीख लिहावी आणि पुढच्या भेटीत दिवे घालवून ती खरेच किती वेळ चालते ते घड्याळ लावून पाहावे.